तांबडी भिंत, पांढरी कड

स्वीडनमधले एखादे शेतघर, जयपूरच्या जुन्या शहरातली एखादी हवेली आणि गोव्यातले जांभ्या दगडाचे एखादे जुने घर, यांची चित्रे शेजारी शेजारी मांडली तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. तिन्हींकडे तांबड्या भिंती दिसतात आणि दारे, खिडक्या, कोपरे यांच्या कडा पांढऱ्या. पहिले घर लाकडाचे, दुसरे दगड-विटांचे आणि तिसरे चिऱ्यांचे. पहिल्यावर वर्षातले कित्येक महिने बर्फ साचते, दुसरे राजस्थानच्या उन्हात भाजते आणि तिसऱ्यावर दर पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. बांधणाऱ्यांनी एकमेकांची गावे पाहिलेली नव्हती, तरी सगळ्यांनी रंगांची हीच जोडी निवडली.

या योगायोगामागे रसायनशास्त्र आहे. घराला बाहेरून कोणता रंग द्यावा हा प्रश्न आज शेडकार्ड चाळत सोडवला जातो. माणसाच्या इतिहासात बहुतेक काळ तो भिंतीचा पदार्थ, ऊन आणि पाऊस या तिघांनी सोडवला. त्यांच्या परीक्षेतून जे रंग उतरले तेच गावागावांतून दिसत राहिले, आणि पुढे त्यांनाच आपण त्या गावाची ओळख म्हणू लागलो.

न विटणारा रंग

बाहेरच्या भिंतीवरच्या रंगाचा पहिला शत्रू म्हणजे सूर्यप्रकाशातले अतिनील किरण. फुलापानांपासून काढलेल्या रंगांचे रेणू या किरणांनी तुटतात आणि रंग विटतो. लोखंडाच्या ऑक्साइडचे तसे होत नाही. गेरू, काव, हुरमुंजी, पिवळी माती या साऱ्यांचा रंग लोखंडातूनच येतो. लोखंडाला हवा-पाण्याने जे व्हायचे ते तिथे आधीच होऊन गेलेले असते, त्यामुळे ऊन-पावसाला त्याचे आणखी काही बिघडवता येत नाही. भीमबेटकाच्या शिळांवरची तांबडी चित्रे हजारो वर्षांनंतरही दिसतात, ती याच गुणामुळे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत शिंपल्यांत कालवलेला गेरू सापडला आहे, आणि तो सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरे कारण विपुलतेचे. पृथ्वीच्या कवचात वजनाच्या हिशोबाने सुमारे ५ टक्के लोखंड आहे. कोकणातला जांभा तांबडा दिसतो तो त्यातल्या लोखंडाने. त्यामुळे हा रंग कुठेही, फारसा खर्च न करता, टोपल्या भरभरून मिळू शकत होता. घरभर फासायच्या रंगाला ही अट मोठी असते. देवघरातल्या चित्रासाठी चिमूटभर महाग रंग परवडतो, चार भिंतींना परवडत नाही.

तिसरा गुण तर चमत्कारच वाटावा असा. पिवळी माती भाजली की तांबडी होते. पिवळ्या मातीत गोएथाइट हे खनिज असते आणि त्याच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. उष्णतेने ते पाणी निघून गेले की उरते हेमॅटाइट, म्हणजे गेरूचे मुख्य खनिज. भट्टी किती तापवायची आणि किती वेळ, एवढ्या हिशोबावर एकाच मातीतून पिवळा, नारिंगी, विटकरी आणि जांभळट तांबडा अशा छटा काढता येतात. जुन्या वस्त्यांमधली घरे वेगवेगळ्या रंगांची असूनही एकमेकांना शोभून दिसतात, याचे एक कारण हे आहे. त्यांचे रंग मुळात एकाच कुळातले असतात.

खाणीच्या कचऱ्यातून आलेला रंग

या लोखंडी रंगाची सर्वांत नाट्यमय कहाणी स्वीडनमधल्या फालून गावाची आहे. तिथे तांब्याची प्रचंड खाण होती. सुमारे हजार वर्षे ती चालली, आणि सतराव्या शतकात युरोपातल्या तांब्याचा फार मोठा हिस्सा एकट्या फालूनमधून येत असे. १६८७ साली खाणीचा मोठा भाग कोसळला आणि त्या जागी पडलेला अवाढव्य खड्डा आजही पाहायला मिळतो.

तांबे काढून घेतल्यावर, किंवा ज्यात तांबे फारच कमी आहे म्हणून टाकून दिल्यावर, उरलेल्या दगडांचे ढिगारे खाणीच्या आसपास साचत गेले. शतकानुशतके हवा-पाणी लागून ते दगड गंजले आणि तांबडे झाले. ही माती धुऊन, भाजून, दळली की उत्तम रंग मिळतो, हे लोकांच्या ध्यानात आले. १५७०च्या दशकात राजा तिसरा योहान याने राजवाड्याच्या छपरासाठी हा तांबडा रंग मागवल्याची नोंद आहे. त्या काळी लाल विटांचे घर ही श्रीमंतीची खूण होती. लाकडी वाड्याला तांबडा रंग दिला की तो दुरून विटांचा भासे, म्हणून सरदार-दरकदारांनी तो आधी उचलला. १७६४ साली या रंगाचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकात तो साध्या शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत पोहोचला.

हा रंग बनवण्याची रीत स्वयंपाकघरात शोभावी अशी आहे. मोठ्या कढईत पाणी उकळायचे, त्यात लोहसल्फेट म्हणजे हिराकस विरघळवायचा, मग राय नावाच्या धान्याचे पीठ घालून पातळ खळ शिजवायची. खळ शिजली की तांबडी पूड मिसळायची आणि शेवटी जवसाचे तेल घालून ढवळत राहायचे. प्रत्येक घटकाला काम नेमून दिलेले असते. पिठाची खळ पूड धरून ठेवते, हिराकस बुरशीला आळा घालतो, तेल पाणी परतवते. वाळल्यावर हा थर सच्छिद्र राहतो. लाकडात मुरलेली ओल त्यातून बाहेर पडते आणि लाकूड कुजत नाही. रंग जुना झाला की त्याचे पोपडे निघत नाहीत, नुसती भुकटी होऊन हळूहळू झडते. कोरड्या ब्रशने ती झाडायची आणि वरून नवा हात मारायचा, एवढीच डागडुजी.

पांढऱ्या कडेचा उगमही इथे स्वच्छ कळतो. हा खळीचा रंग करवतीने कापलेल्या खरबरीत लाकडालाच धरतो, रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर तो टिकत नाही. खिडक्यांच्या चौकटी आणि कोपऱ्यांवरच्या फळ्या मात्र रंधलेल्या असत. म्हणून तिथे जवसाच्या तेलातला रंग लावणे भाग होते, आणि तेलात कालवायला शिशाचे किंवा पुढे जस्ताचे पांढरे हाताशी होते. कोपऱ्यांवर फळ्या ठोकण्यामागेही कारण होते. ओंडक्यांची कापलेली तोंडे तिथे उघडी पडतात आणि पाणी सगळ्यांत आधी तिथूनच आत शिरते. जिथे घराला धोका अधिक तिथे अधिक टिकाऊ लेप, असा हा व्यवहार होता. डोळ्यांना दिसणारी सुंदर पांढरी रेघ त्यातून जन्मली.

फालूनची खाण १९९२ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिचा परिसर जागतिक वारशात घेतला. जुन्या ढिगाऱ्यांतून रंग काढणे मात्र अजून चालू आहे.

पुन्हा दगड होणारा चुना

आपल्याकडे कडेचा पांढरा आला तो चुन्यातून. चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीत पाणी ओतले की ती फसफसते, वाफाळते आणि तिचा विरलेला चुना होतो. हा चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो आणि काही आठवड्यांत त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनते. भट्टीत फोडलेला दगड भिंतीवर येऊन पुन्हा दगड होतो. निसर्गाचे असे पूर्ण फिरणारे चक्र रंगकामाइतक्या रोजच्या गोष्टीत सापडावे, याचे मोल ओळखायला हवे.

चुना ओला असताना पारदर्शक दिसतो. पहिला हात मारल्यावर नवख्याला वाटते की काहीच लागले नाही, आणि तो घट्ट चुना चोपडतो. मग वाळल्यावर त्याला भेगा पडतात. जाणता रंगारी चुना पातळ ठेवतो, भिंत आधी पाण्याने भिजवतो आणि एकावर एक हलके हात देतो. पाणी उडून गेले की पांढरेपणा आपोआप वर येतो.

पण चुना तीव्र अल्कधर्मी आहे, आणि तो कोणत्याही रंगाला सहज सामावून घेत नाही. इथेच जुन्या रंगाऱ्यांची निवड आणखी आवळली जाते. प्रशियन निळा हा सुंदर रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडला, पण चुन्यात तो मोडतो आणि त्याचा तपकिरी गाळ होतो. वनस्पतींचे बहुतेक रंगही चुन्यात तग धरत नाहीत. लोखंडी माती मात्र चुन्यात वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते. उन्हाची चाळणी आणि चुन्याची चाळणी, दोन्हींतून जे उतरले ते गेरू, काव आणि पिवळी माती.

कावीची भिंत

या दोन पदार्थांची मैत्री सर्वांत देखण्या रूपात दिसते ती कोकणपट्टीत. सिंधुदुर्ग, गोवा आणि उत्तर कन्नड या भागांतल्या जुन्या देवळांवर आणि घरांवर कावी कलेचे काम आढळते. पांढऱ्या भिंतीवर तांबडी वेलबुट्टी, कमळे, हत्ती, देवादिकांच्या आकृती असे ते काम असते. पाहणाऱ्याला ते कुंचल्याने रंगवलेले वाटते, पण त्यात कुंचला नसतो.

कारागीर आधी शिंपल्यांचा चुना वाळू आणि गुळाच्या पाण्यात मळून, कुजवून, भिंतीला त्याचा गिलावा करतो. त्यावर चुन्यात कालवलेल्या कावेचा पातळ तांबडा थर देतो. थर ओलसर असतानाच कंपासाने आणि टोकदार लोखंडी हत्याराने नक्षी आखतो. मग जिथे पांढरे हवे तिथला तांबडा थर अलगद खरवडून काढतो आणि खालचा चुना उघडा करतो. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने पृष्ठभाग घोटून काढतो आणि काही दिवस तो पाण्याने भिजवत राहतो. चुना दगड होताना काव त्याच्या पोटातच अडकते. म्हणून कोकणच्या धो धो पावसात ही चित्रे धुपून जात नाहीत. रंग भिंतीवर बसलेला नसतो, तो भिंतीचाच भाग झालेला असतो.

गोव्यातल्या जुन्या घरांनी हीच सामग्री वेगळ्या रीतीने वापरली. चिऱ्यांची भिंत, वर चुन्याचा गिलावा, त्यावर तांबडा, पिवळा किंवा निळा हात, आणि दारे-खिडक्यांभोवती व कोपऱ्यांवर उठावाच्या पांढऱ्या पट्ट्या. पणजीत आल्तिनोची टेकडी आणि ओरें खाडी यांच्यामध्ये वसलेल्या फोंतैन्यासमध्ये अशा घरांच्या रांगा आहेत. पोर्तुगीज काळात पूर्ण पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता आणि बाकीच्यांनी घरे रंगीत ठेवायची, असा दंडक असल्याचे गोव्यात सांगतात. पावसाळा सरला की घराला नवा हात द्यायचा, ही रीतही तिथे जुनी आहे. चिरा पाणी शोषतो, पावसाळाभर प्यालेले पाणी नंतर बाहेर सोडतो. चुन्याचा पातळ लेप ते बाहेर पडू देतो, आणि त्या कामात स्वतः झिजतो. वर्षाकाठचा नवा हात ही त्या झिजेची भरपाई असते.

जयपूरची गोष्ट राजाज्ञेची आहे. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसवलेले हे शहर १८७६ साली, सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीसाठी एका रंगात रंगवले गेले. गुलाबी म्हणून गाजलेला हा रंग प्रत्यक्षात गेरूच्या जवळचा आहे. त्यावर पांढऱ्या रेघांनी कमानी, झरोके आणि वेलबुट्ट्या उठवलेल्या असतात. एवढे मोठे शहर रंगवायचे तर रंग मुबलक, स्वस्त आणि उन्हात टिकणारा हवा. वाळवंटाजवळच्या या शहराला गेरूहून योग्य काय मिळणार होते? युवराज परत गेले, रंग शहराचा झाला. जुन्या शहरात तो राखण्याचा नियम आजही आहे, आणि २०१९ मध्ये जयपूर जागतिक वारसा यादीत आले.

निळ्याला लागलेला उशीर

घरांच्या रंगांत निळा मागे का राहिला, हेही आता समजेल. जुना टिकाऊ निळा म्हणजे लाजवर्दी. तो अफगाणिस्तानातल्या दगडापासून निघे आणि अतिशय महाग असे. १८२४ साली फ्रान्समधल्या उद्योगाला उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने तसाच निळा कृत्रिमरीत्या बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. जाँ-बातिस्त गिमे यांनी ते १८२८ मध्ये पटकावले. चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून हा निळा तयार होतो. तो चुन्यात टिकतो, फक्त आम्लाने मोडतो.

हाच निळा पुढे नीळ म्हणून आपल्या घरोघरी आला. पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ आणि चुन्यात टाकायची नीळ एकच. चुन्याला वेळाने पिवळट झाक येते, ती चिमूटभर निळीने झाकली जाते आणि भिंत अधिक शुभ्र भासते. हाताने थोडी जास्त नीळ टाकली की भिंत आकाशी होते. गावोगावच्या आकाशी भिंतींमागे हे एवढे सोपे गणित आहे.

कडेचे काम

भिंतीपेक्षा वेगळी कड ठेवण्याची तीन व्यावहारिक कारणे आहेत. पहिले फालूनने दाखवले: सांधे, कोपरे आणि चौकटी इथून घर आधी खराब होते, तिथे लेप वेगळा आणि जाड लागतो. दुसरे कारण उजेडाचे. जाड भिंतीतल्या खिडकीच्या आतल्या बाजू पांढऱ्या असल्या की त्यांच्यावरून परतलेला प्रकाश खोलीत जातो. तिसरे कारण नजरेचे. भर उन्हात एकरंगी भिंतीवरचे बारकावे विरून जातात, कडेची रेघ खिडकी, कमान आणि कोपरा यांचे आकार पुन्हा वेगळे करते.

कडेत किती ताकद असते, याचा दाखला सॅन फ्रान्सिस्कोत मिळतो. तिथली व्हिक्टोरियन लाकडी घरे विसाव्या शतकात बरीचशी एकसुरी झाली होती, महायुद्धांच्या काळात तर कित्येकांना नौदलाचा उरलेला राखाडी रंग फासला गेला. १९६३ मध्ये बुच कार्डम या कलाकाराने आपल्या घराच्या लाकडी नक्षीला निळे-हिरवे उजळ रंग दिले. आधी लोक बिचकले, मग शेजाऱ्यांनी अनुकरण केले. नक्षी आधीपासून तिथेच होती. कडांना वेगळा रंग मिळाल्यावर ती लोकांना दिसू लागली.

आजच्या घरासाठी

विसाव्या शतकात टायटेनियम डायऑक्साइडने पांढऱ्याचे रूप पालटले. त्याची झाकण्याची शक्ती चुन्याच्या कितीतरी पट आहे. ॲक्रिलिक रंग आले, दुकानात यंत्रावर हजारो छटा मिसळून मिळू लागल्या. निवडीवरचे निसर्गाचे बंधन सैल झाले. ऊन-पाऊस मात्र तेच राहिले, म्हणून जुने शहाणपण आजही तितकेच कामाचे आहे.

भिंत कशाची आहे हे सर्वांत आधी पाहावे. जुने घर चिऱ्यांचे, मातीचे किंवा चुन्याच्या गिलाव्याचे असेल तर त्यावर प्लास्टिकसारखा बंद थर देणारा रंग लावू नये. आतली ओल अडकते, फुगे येतात, पोपडे निघतात आणि गिलावाही सोबत येतो. अशा घराला चुनाच लावावा, किंवा वाफ बाहेर जाऊ देणारा खनिज रंग. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर तो नीट मुरून वाळू द्यावा, किमान चार आठवडे. कच्च्या गिलाव्यातला क्षार रंग खातो आणि पांढरे चट्टे उमटवतो.

मग हवामान. ताजी पांढरी भिंत उन्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परतवते, गडद भिंत बहुतेक सगळा शोषते. विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेच्या भिंतीला गडद करडा रंग देणे म्हणजे संध्याकाळची खोली तापवणे. शिवाय गडद भिंत जास्त तापते, जास्त प्रसरण पावते आणि केसाएवढ्या भेगा लवकर पडतात. कोकणात प्रश्न शेवाळाचा. तिथे जोत्याजवळचा दोन-तीन फुटांचा पट्टा पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी हमखास मळतो, म्हणून तो गडद तांबडा किंवा तपकिरी ठेवण्याची जुनी रीत योग्यच आहे. भडक लाल, भडक पिवळ्या आणि जांभळ्या छटा घेताना त्यात कोणते रंगद्रव्य आहे हे विचारावे. सेंद्रिय रंगद्रव्याच्या स्वस्त छटा लवकर विटतात, लोखंडी ऑक्साइडच्या छटा टिकतात.

रंग तीन पुरेत: भिंतीचा एक, कडांचा एक, जोत्याचा एक. छप्पर कौलारू असेल तर चौथा रंग आधीच तिथे आहे आणि बाकीच्या तिघांनी त्याच्याशी जमवून घ्यायचे आहे. शेडकार्डावरचा चौकोन दुकानाच्या दिव्याखाली फिका वाटतो, तीच छटा उन्हात अख्ख्या भिंतीवर अंगावर येते. म्हणून भिंतीवरच निदान तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा रंगवावा, शेजारी कडेचा पट्टा ओढावा, आणि सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला, जमल्यास ढगाळ दिवशीही तो पाहावा. उत्तरेकडच्या सावलीतल्या भिंतीवर तीच छटा निळसर वाटते, पश्चिमेकडे तांबूस.

घराचा बाहेरचा रंग घरमालकापेक्षा समोरच्याला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जास्त दिसतो. आपल्या आळीत कोणती माती आहे, कोणता दगड आहे, शेजारच्या जुन्या घरांवर पावसाळ्यांमागून पावसाळे कोणता रंग उभा राहिला, हे पाहून निवड केली तर घर त्या जागेचे वाटते आणि खर्चही वाचतो. तेव्हा आधी भिंत ओळखावी, मग ऊन-पाऊस, मग आळी. शेडकार्ड या तिघांनंतर उघडावे. तोवर हजार छटांमधल्या मोजक्याच उरलेल्या असतात, आणि त्यांतून हौसेने कोणतीही घेतली तरी चालते.